पेठांमधली ट्रेझर हंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं मित्र ऑफिसच्या टीम, सोसायट्या आणि कॉलेजच्या गटांसाठी पुण्याच्या जुन्या पेठांत ट्रेझर हंट बसवून देतो. दर वेळी फोनवर साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहेत. एकदा करून हात पोळलेल्यांनी थेट प्रश्न ७ पासून वाचलं तरी चालेल.

१. ट्रेझर हंट म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

प्रत्येक संघाला पहिली चिठ्ठी मिळते. तिच्यातलं कोडं सुटलं की एक ठिकाण कळतं. तिथे पोचून काहीतरी शोधायचं, मोजायचं किंवा वाचायचं, की पुढची चिठ्ठी हातात पडते. अशी सहा-सात ठिकाणं झाली की शेवटचा मुक्काम. तिथे खजिना म्हणून बहुतेक वेळा बाकरवडीचं पाकीट असतं, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

२. याने टीम खरंच एकत्र येते का, की नुसती सहल होते?

चिठ्ठ्या कशा केल्यात त्यावर आहे. एकच हुशार माणूस सगळं सोडवू शकेल अशी हंट बसवली, तर त्याची करमणूक होते आणि बाकीच्यांचा मॉर्निंग वॉक. एकाकडची माहिती दुसऱ्याशी जोडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी बसवली, तर एरवी फक्त ईमेलवर बोलणारी माणसं भर चौकात एकमेकांशी वाद घालायला लागतात. आम्हाला तेच हवं असतं. हे कसं साधायचं ते प्रश्न ८ मध्ये.

३. किती माणसं हवीत आणि एका संघात किती घ्यावेत?

संघात पाच. चार चालतात, सहा म्हणजे कमाल. एक कागद एका वेळी तीनच डोकी नीट वाचू शकतात. सहावा माणूस मागे उभा राहून मोबाइल बघतो. तो आळशी नसतो, त्याला चिठ्ठी दिसतच नाही. सात संघ म्हणजे पस्तीस माणसं, हा पेठांसाठी सोयीचा आकडा. साठ-सत्तर जण असतील तर दोन रविवारी विभागून करा.

४. संघ कसे पाडायचे? लोक आपल्याच मित्रांबरोबर राहायचं म्हणतात.

म्हणू द्या. यादी आदल्या दिवशी जाहीर करा आणि जाहीर झाल्यावर बदलू नका. प्रत्येक संघात एक पुण्यात वाढलेला, एक अलीकडे आलेला, एक वेगळ्या विभागातला, एवढं पाहिलं तरी पुरे. सगळे मुरलेले पुणेकर एका संघात गेले, तर ते शनिपाराच्या नावाच्या उगमावरच वीस मिनिटं भांडतील.

साहेबांचं काय, हेही हमखास विचारलं जातं. साहेबांना संघात घेऊ नका. एखाद्या ठिकाणी शिक्का मारायला उभं करा. मग सगळ्या संघांशी त्यांचं बोलणं होतं आणि "सर म्हणतायत म्हणजे तेच उत्तर" हा प्रकारही टळतो.

५. जागा म्हणून पेठाच का? आणि कोणता मार्ग घेता?

कारण तिथे कोडी आधीच तयार आहेत. वारांच्या नावाच्या सातही पेठा पुण्यात आहेत. शिवाय देवांची नावं पाहा: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा, गुपचूप गणपती, खुन्या मुरलीधर. परगावच्या माणसाला यातली निम्मी नावं आपण थट्टेने रचली आहेत असं वाटतं. ज्या गावाने देवाला खुन्या म्हटलं, तिथे कोडी रचणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आमचा नेहमीचा मार्ग असा: (१) कसबा गणपती, (२) लाल महाल, (३) शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, बाहेरून, (४) पासोड्या विठोबा, (५) तुळशीबागेतलं राममंदिर, (६) महात्मा फुले मंडई, (७) शनिपार. शेवट विश्रामबागवाड्यापाशी. सगळं पायी. येण्याजाण्यासाठी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं याच पट्ट्यात आहेत. गाड्या आणू नका असं स्पष्ट लिहून पाठवा. नाहीतर पहिला अर्धा तास पार्किंगची हंट होते.

६. कधी ठेवावी? वेळ किती लागतो?

रविवारी सकाळी साडेसात ते दहा. एका ठिकाणाला चालणं आणि सोडवणं मिळून साधारण पंधरा मिनिटं धरा. सात ठिकाणांचे पावणेदोन तास होतात. सुरुवातीच्या सूचना आणि शेवटची गडबड धरून अडीच. दहानंतर तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता खरेदीच्या गर्दीने भरतो, मग संघ हरवतात आणि दुकानदार वैतागतात. दोघांचंही बरोबर असतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गणेशोत्सवात अजिबात नको. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना नाना पेठ आणि भवानी पेठेकडे फिरकायचं ते दर्शनाला, हंटला नाही. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळातच उतरते.

रविवार ही लोकांची सुट्टी असते हे विसरू नका. येणं ऐच्छिक ठेवा किंवा बदली सुट्टी द्या. सक्तीने आलेला माणूस पहिल्या चिठ्ठीलाच घड्याळ बघतो.

७. सगळे संघ एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचतात आणि एकमेकांचं बघून पळतात. काय करावं?

सर्वांत जास्त हंट इथेच फसतात. प्रत्येक संघाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करायची, हे बहुतेकांना सुचतं: पहिला संघ ठिकाण १ पासून, दुसरा २ पासून आणि पुढे फिरत्या क्रमाने. पण पेठांतली ही ठिकाणं वर्तुळात नाहीत, एका ओळीत आहेत. शनिपारापर्यंत गेलेल्या संघाला पुन्हा कसबा गणपतीला पाठवलं, तर मधलं सगळं अंतर एका दमात तोडावं लागतं. पहिल्या संघाला ही पायपीट करावीच लागत नाही. निकालानंतर हा हिशेब कुणीतरी नक्की मांडतो.

उपाय सोपा आहे. क्रम असा लावा: १, ३, ५, ७, मग परतताना ६, ४, २, आणि पुन्हा १. जाताना विषम, येताना सम. आता हे खरोखर वर्तुळ झालं आणि कुठलाही टप्पा फार लांबचा उरला नाही. या क्रमात प्रत्येक संघाला वेगळ्या जागेवरून सुरुवात द्या. घड्याळ शेवटच्या मुक्कामाला थांबवू नका, सातव्या शिक्क्याला थांबवा. कारण सातवं ठिकाण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि तिथून विश्रामबागवाड्याचं अंतरही.

एक गोष्ट विसरली जाते. क्रम वेगळा म्हणजे चिठ्ठ्याही वेगळ्या. तुळशीबागेत "पुढचं ठिकाण" सगळ्या संघांना एकच असतं, पण ज्याचं ते शेवटचं ठिकाण आहे त्याला पुढची चिठ्ठी द्यायची नसते. म्हणून प्रत्येक पाकिटावर संघाचा रंग आणि ठिकाणाचा आकडा दोन्ही लिहा. नुसता रंग लिहिल्याने आमचा एक संघ लाल महालाभोवती दोनदा फिरला आहे.

८. एकच जण सगळं सोडवतो, बाकीचे मागून चालतात. यावर काही करता येतं का?

चिठ्ठी फाडा. म्हणजे एका कोड्याचे चार-पाच तुकडे करून प्रत्येकाला एक द्या, आणि नियम ठेवा की आपला तुकडा वाचून दाखवायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. उदाहरणार्थ:

पहिला तुकडा: "हा मागे लागला की साडेसात वर्षं सोडत नाही."
दुसरा: "गावातली म्हातारी माणसं संध्याकाळी इथे टेकतात."
तिसरा: "दोन शब्द चिकटवा, मधे जागा सोडू नका."
चौथा: "रस्त्याला पेशव्याचं नाव आहे."

शनि अधिक पार, बाजीराव रस्त्यावर. एकट्या तुकड्यावरून फार तर अंदाज बांधता येतो, चारही ऐकले की उत्तर मिळतं. तिसरा तुकडा ज्याच्याकडे असतो त्याला आधी वाटतं आपल्याला रद्दी मिळाली. मग त्याच्यामुळेच कोडं सुटतं तेव्हाचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

दुसरी युक्ती म्हणजे कामं वाटणं आणि दर ठिकाणी ती फिरवणं. चिठ्ठी वाचणारा, वाट दाखवणारा, वेळ बघणारा, लोकांशी बोलणारा. लोकांशी बोलण्याचं काम लाजाळू माणसाला पहिल्या ठिकाणी देऊ नका, तिसऱ्या-चौथ्याला द्या. तोवर तो रुळलेला असतो.

९. चांगली चिठ्ठी कशी लिहायची? आमची एकतर फार सोपी होते नाहीतर कुणालाच सुटत नाही.

चिठ्ठी न सुटणं हे आयोजकाच्या हुशारीचं लक्षण नाही, हे आधी स्वतःला बजावा. आम्हाला ते कळायला दोन हंट लागल्या. पहिल्या वेळी मी मोडी लिपीतली चिठ्ठी दिली होती. सातपैकी सहा संघ अडकले आणि सातव्यातल्या एकाचे आजोबा तलाठी होते. मोडी द्यायचीच असेल तर सोबत अक्षरांचा तक्ता द्या.

सोपी मोजपट्टी सांगतो: हंटशी संबंध नसलेल्या दोन माणसांना चिठ्ठी द्या. पाच ते आठ मिनिटांत सुटली तर ठीक.

"जिथे पेशवे राहत होते" हे कोडं नाही, तो पत्ता आहे. नावाशी खेळा. उपाशी विठोबासाठी आम्ही असं लिहिलं होतं:

बारा महिने एकादशी याच्याच का घरी?
हात कमरेवर ठेवून उभा, पोट रिकामं तरी.

विठोबा आहे हे कमरेवरच्या हातांवरून लगेच कळतं. पुण्यातला कोणता, हे उरलेल्या अर्ध्यात आहे. अर्धं लगेच सुटावं आणि अर्धं बोलल्याशिवाय सुटू नये, असा बेत ठेवा.

सांकेतिक चिठ्ठी हवी असेल तर इंग्रजीतली अक्षरं पुढे सरकवण्याची पद्धत देवनागरीत आणू नका, मात्रा आणि जोडाक्षरं घोळ घालतात. आपल्याकडची अंकपल्लवी घ्या. आम्ही ती अशी मांडतो: क, च, ट, त, प हे वर्ग १ ते ५, य-र-ल-व हा ६, श-ष-स-ह-ळ हा ७. पहिला आकडा वर्ग, दुसरा त्या वर्गातलं अक्षर, तिसरा बाराखडीतली जागा: क म्हणजे १, का म्हणजे २, कि म्हणजे ३. मग ६३२ ६३१ ५५१ ७४२ ६३१ म्हणजे लाल महाल. औ आणि अनुस्वार असलेले शब्द टाळा, त्यांची बाराखडीतली जागा दोन आकडी होते. जोडाक्षरंही टाळा.

१०. उत्तरं गूगलवर किंवा एआयला विचारून शोधली तर?

शोधतीलच. फोन काढून घेणं हा उपाय नाही, हरवलेल्या संघाला फोन लागतोच. त्याऐवजी ठिकाण ओळखणं सोपं ठेवा आणि पुढची चिठ्ठी मिळण्याची अट जागेवरच पुरी होईल अशी ठेवा. दिल्ली दरवाजाच्या एका दारावरचे खिळे मोजा. मंडईच्या मनोऱ्याच्या बाजू मोजा आणि इमारत सुरू झाली त्या वर्षाच्या शेवटच्या आकड्यातून वजा करा (आठ बाजू, १८८६, उत्तर उणे दोन, या उणेवरून मजा येते). सगळ्यात खात्रीचं म्हणजे शेजारच्या माणसाला विचारून येण्यासारखं काही: पासोड्या म्हणजे काय आणि विठोबाला ते नाव का पडलं असं म्हणतात? हे विचारायला तोंड उघडावं लागतं.

११. चिठ्ठ्या लपवायच्या कुठे?

सार्वजनिक जागी लपवू नका. हे विनोदाने सांगत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीतला स्फोट बेवारस पिशवीतून झाला, आणि जुलै २०१४ मध्ये फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात दुचाकीत स्फोट झाला. तुमचा "खजिन्याचा डबा" दगडूशेठच्या परिसरात कुणाला दिसला तर बॉम्बशोधक पथक येईल आणि यायलाच हवं. प्रत्येक ठिकाणी ओळखपत्र लावलेला माणूस उभा करा, पाकिटं त्याच्या हातात. किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवा, पण प्रश्न १७ वाचून.

भिंतीवर, झाडावर, खांबावर काही चिकटवू नका. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यानुसार त्याला इजा करणं किंवा ते विद्रूप करणं गुन्हा आहे, आणि खडूची खूणसुद्धा काढायची गरज नाही.

१२. परवानगी लागते का?

पाच-पाच जण रस्त्याने चालत असतील तर ते चारचौघांसारखेच. पण स्पीकर, मांडव, बॅनर, सगळ्यांनी एकत्र जमून घोषणा असं काही असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारा. स्मारकाच्या आत कार्यक्रम करायचा तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी. आम्ही आत जातच नाही. देवळांच्या विश्वस्तांना आधी भेटून सांगा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि वर चार गोष्टी सांगतात.

१३. मार्गात बरीच देवळं आहेत. टीममध्ये सगळ्या धर्मांचे आणि न मानणारेही लोक आहेत.

रास्त प्रश्न. आमचा नियम: कुठल्याही ठिकाणचं उत्तर गाभाऱ्यात नसतं, बाहेरूनच मिळतं. त्यामुळे चपला काढण्यात जाणारा वेळही वाचतो आणि दर्शनाच्या रांगेत कुणी घुसत नाही. मार्ग बदलायचा असेल तर कॅम्प घ्या. तिथलं लाल देऊळ ही कोड्यासाठी सोन्यासारखी जागा आहे. नाव देऊळ, रंग विटेचा, आणि प्रत्यक्षात १८६७ मध्ये बांधून झालेलं ज्यू लोकांचं सिनेगॉग. देऊळ शोधत निघालेला संघ त्याच्यासमोरून पुढे निघून जातो.

१४. काही सहकाऱ्यांना मराठी येत नाही.

चिठ्ठी भाषांतरित करू नका, शब्दांचा खेळ मरतो. तुकड्यांची पद्धत (प्रश्न ८) वापरा आणि मराठी न येणाऱ्याला चित्राचा, नकाशाचा किंवा आकड्यांचा तुकडा द्या. त्याच्याशिवाय अडेल असं पाहा. बाकीच्यांना मग त्याला "पार" म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आणि पाराची इतकी छान व्याख्या एरवी कुणी केली नसती.

१५. कुणाचे गुडघे दुखतात, कुणी गरोदर आहे, एक जण व्हीलचेअरवर आहे.

वेगाची शर्यत बंद करा. वेळेऐवजी गुण द्या: ठिकाणाला दहा, न वापरलेल्या मदतीला दोन, वेळ फक्त बरोबरी तोडायला. मग कुणी पळत नाही, आणि पेठांच्या रस्त्यांवर तसंही कुणीच पळू नये. व्हीलचेअरसाठी मार्ग आधी स्वतः ढकलत जाऊन तपासा. पदपथ नकाशावर असतो तसा जमिनीवर नसतो. ठिकाणं चारच ठेवून मोकळी जागा असलेल्या बागेत किंवा कॅम्पसमध्ये हंट घेणं अनेकदा बरं. त्या एका व्यक्तीला "कंट्रोल रूम" म्हणून हॉटेलात बसवून ठेवू नका. तिला ते कळतं.

१६. संघ अडकला तर मदत किती आणि कशी?

तीन बंद पाकिटं सुरुवातीलाच द्या. पहिल्यात दिशा, दुसऱ्यात अर्धं उत्तर, तिसऱ्यात सरळ ठिकाणाचं नाव. दहा मिनिटं झाली की एक उघडायचंच, अशी सक्ती ठेवा. "आम्ही मदत घेणार नाही" म्हणणारा संघ तास घालवून रडकुंडीला येतो आणि नाश्ताही थंड होतो.

१७. दुकान बंद निघालं, पाटी गेली, इमारतच पाडली. मग?

तिन्ही होतं. आदल्या आठवड्यात एकदा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा पूर्ण मार्ग चाला. दुकानाच्या पाटीवर कोडं बेतू नका, पाट्या बदलतात. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याचंच पाहा. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. त्याच्या दारांवर आणि खिडक्यांवर बेतलेल्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या त्या दिवशी रद्द झाल्या. म्हणून गेल्या वर्षीचा मार्ग तसाच उचलू नका. ओळखीच्या दुकानदाराकडे पाकिटं ठेवली असतील तर त्याचा फोन नंबर घ्या आणि तो रविवारी उठतो किती वाजता तेही विचारा.

१८. सगळे शिक्के नसतानाच संघाने शेवटचं ठिकाण ओळखलं तर?

आमच्याकडे हे घडलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी एक अक्षर मिळतं: वि, श्रा, म, बा, ग, वा, डा. बरोबर सात. पण "श्रा" हाती आलं की निम्मे पुणेकर तिथेच हसतात आणि १८०७ च्या त्या लाकडी कोरीव दर्शनी भागाकडे चालू लागतात. ओळखू द्या, ओळखणं हा गुन्हा नाही. पण सातही शिक्के असलेलं कार्ड दाखवल्याशिवाय बक्षीस नाही, हे सुरुवातीच्या सूचनांतच सांगा. नंतर सांगितलं तर भांडण.

१९. एका चिठ्ठीची दोन बरोबर उत्तरं निघाली. कुणाला गुण द्यायचे?

दोघांना, आणि गेलेला वेळ परत. चूक आयोजकाची. मुंबईत फोर्टमध्ये हंट घेणाऱ्यांना यातला नमुनेदार सापळा माहीत असतो: "काळा घोडा". मूळ पुतळा, स्वारासकट, १९६५ मध्ये हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. फोर्टातला बिनस्वाराचा घोडा २०१७ मधला. "खरा काळा घोडा गाठा" असं लिहिलं आणि एखादा संघ लोकल पकडून भायखळ्याला गेला, तर त्याला चूक कुठल्या तोंडाने म्हणणार? पुण्यातही तपासा. मारुती फार आहेत.

२०. भर हंटमध्ये पाऊस आला तर?

चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि रद्द करण्याचा निर्णय एकाच माणसाकडे. सगळ्यांनी कुठे जमायचं ते आधी ठरलेलं हवं. आम्ही मंडईच्या छपराखाली जमतो. तिथे उरलेली कोडी तोंडी घेतली आणि एका भाजीवालीने दोन सोडवली. तिला पाकीट दिलं.